गेमिंग लॅपटॉपचे उत्तरायुष्य

नागपूरहून हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि डिगडोह-वानाडोंगरी परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये ही दोन्ही गेली चाळीस वर्षे शेजारधर्माने नांदत आली आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा दिली, पुढल्याच वर्षी वानाडोंगरीस यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, मागोमाग इतर संस्था आल्या, आणि गडचिरोली-यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंतची मुले या रस्त्यावरील वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत येऊन राहू लागली. या मुलांच्या टेबलांवर सर्वांत महाग, सर्वांत प्रिय आणि तरीही सर्वांत अधिक शिव्या खाणारी जी वस्तू आज आढळते, ती म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेला आणि बहुधा थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आलेला गेमिंग लॅपटॉप होय. तो घेताना वडिलांपुढे जी दरखास्त मांडली गेली, तीत खेळाचा उल्लेख अर्थातच नव्हता. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, मॅटलॅब अशी भारदस्त नावे होती. गंमत अशी की ती दरखास्त सर्वस्वी खोटीही नव्हती, कारण जे ग्राफिक कार्ड रात्री जीटीए चालविते, तेच दिवसा यंत्राचे त्रिमिती आराखडे फिरवून दाखविते.

आता तोच लॅपटॉप ‘हँग’ होतो, तापतो, पंखा घोंगावतो, बॅटरी तासभरही टिकत नाही, आणि म्हणून नवा हवा, असा तगादा दर वर्षी निकाल लागून नवे सत्र उघडण्याच्या सुमारास घराघरांत सुरू होतो. वडील वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात कामाला असोत की कपाशी-सोयाबीनच्या भरवशावर संसार हाकणारे असोत, सत्तर-ऐंशी हजारांचा नवा बोजा त्यांच्या जमाखर्चात कोठे बसवावा हा प्रश्न त्यांचा एकट्याचा राहतो. माझे म्हणणे एवढेच आहे की या मामल्यात निकाल आधी लागतो आणि चौकशी होतच नाही. यंत्र जुने झाले म्हणजे नेमके त्यातले काय जुने झाले, हे न विचारता संपूर्ण यंत्रालाच बडतर्फ करणे हे इतर कोणापेक्षाही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अशोभनीय आहे.

ही चौकशी एकदा करूनच पाहू. २०१८-१९ च्या सुमारास साठ-सत्तर हजारांत मिळणाऱ्या या वर्गातील लॅपटॉपमध्ये सर्वसाधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा एएमडीचा रायझन-फाइव्ह प्रोसेसर, एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय अथवा १६५० हे चार जीबी स्मृतीचे ग्राफिक कार्ड, आठ जीबीची एकच रॅमपट्टी आणि एक टीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असा सरंजाम असे. यातील प्रोसेसर आजही लेखन, आज्ञावली, आराखडे, व्याख्याने या कामांना कमी पडत नाही. कमी पडते ती तबकडी. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ती चकती सलग मजकूर वाचताना सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास एमबी देते. आणि मजकूर विखुरलेला असला, जसा तो विंडोज सुरू होताना नेहमी असतो, तर तिचे वाचणारे टोक एका जागेहून दुसऱ्या जागी हलण्यातच वेळ दवडते, त्यामुळे सेकंदाला शंभरेक वाचनांपलीकडे तिची मजल जात नाही. तिच्या जागी साधी साटा पद्धतीची एसएसडी बसविली तर सलग वाचनाचा वेग सेकंदाला पाचशे एमबीच्या वर जातो. एनव्हीएमई पद्धतीची बसविली तर तीन हजारांच्याही पुढे. आणि विखुरलेल्या वाचनांची संख्या तर शेकड्यांतून हजारांत, दहा हजारांत जाते. ज्या लॅपटॉपला सुरू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ लागत होता, तो अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागतो. जुना लॅपटॉप ‘मंद’ झाला अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा फार मोठा भाग या एका सुट्या भागाच्या खाती जमा होतो, आणि तो भाग बदलण्यास एक लहान पेचकस व थोडा धीर याहून अधिक काही लागत नाही. अनेक मॉडेलांत एम-डॉट-टू नावाची आखूड खाच मुळातच रिकामी ठेवलेली असते. विकत घेणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

रॅमचेही तसेच. आठ जीबीची एकच पट्टी असली म्हणजे केवळ जागाच अपुरी पडते असे नव्हे. प्रोसेसरला स्मृतीशी बोलण्याचे दोन मार्ग असताना त्यातला एकच उघडा राहतो. तितक्याच क्षमतेची दुसरी पट्टी शेजारी बसविली की दोन्ही मार्ग खुले होतात, आणि खेळांत दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, जिला ही मुले एफपीएस म्हणतात, तीही काही खेळांत जाणवण्याइतकी वाढते. मात्र पट्टी घेण्यापूर्वी आपल्या यंत्रात डीडीआर-फोर लागते की अन्य काही, दुसरी खाच आहे की नाही, याची खातरजमा झाकण उघडून किंवा मॉडेलच्या क्रमांकावरून करून घ्यावी. सीताबर्डीच्या बाजारात दुकानदाराच्या शब्दावर विसंबून पैसे मोजण्यापूर्वी ही माहिती आपल्या खिशात असलेली बरी.

तथापि नागपूर-हिंगण्याच्या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उष्णतेचा प्रश्न, आणि नेमका तोच कोणत्याही जाहिरातीत नसतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तो उच्चांक सोडला तरी मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणे ही येथील नित्याची वहिवाट आहे. आता विचार करा. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्याच्या स्वतःच्या कामाने चढणारे तापमान. पंखा तोच आणि काम तेच असेल, तर जानेवारीत वीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर पंचाहत्तरीवर सुखाने चालतो, तोच मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांच्या खोलीत पंचाण्णवाला जाऊन भिडतो. आणि पंचाण्णव ते शंभर ही ती सीमा आहे जेथे प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी आपला वेग आपण होऊन कमी करतो. मुलाला वाटते, लॅपटॉप म्हातारा झाला. वास्तविक तो भर उन्हात सावली शोधत असतो. याच खोलीत याच दुपारी नवा कोरा लॅपटॉप आणून ठेवला तर त्यालाही हा नियम लागू आहे. उलट त्याचे ग्राफिक कार्ड अधिक वीज ओढणारे असल्यास तो अधिकच तापेल.

यात भर पडते ती धुळीची. वसाहतीची धूळ, रस्त्याच्या कामांची धूळ, आणि खिडकीला लावलेल्या कूलरच्या ताट्यांतून येणाऱ्या दमट हवेबरोबर ती आत शिरून पंखा व तांब्याच्या नळ्यांना जोडलेली धातूची जाळी यांच्या मधोमध बसते, ओलाव्याने घट्ट होते, आणि दोन उन्हाळ्यांत हवेचा मार्ग जवळजवळ बंद करून टाकते. प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, ज्याला सगळे नुसते ‘पेस्ट’ म्हणतात, तो चार-पाच वर्षांत वाळून भेगाळतो. यंत्र उघडून जाळी साफ करणे आणि पेस्ट बदलणे हे हजार-दीड हजारांचे काम आहे. ते केल्यावर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरल्याचा अनुभव या व्यवसायातील माणसे नित्य सांगतात. ते होळीच्या सुमारास, उन्हे तापण्यापूर्वी करून घ्यावे. त्याखेरीज फुकटातले दोन इलाज आहेत. विंडोजच्या वीजविषयक व्यवस्थेत प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभराऐवजी नव्याण्णव टक्के केली की त्याची क्षणिक धाव घेण्याची सवय थांबते आणि तापमान लक्षणीय उतरते. तसेच खेळात सेकंदाला साठच चित्रे पुरेत अशी मर्यादा घातली की ग्राफिक कार्ड व्यर्थ श्रमत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवून त्याचे श्वासमार्ग बुजवू नयेत हे सांगण्याची वस्तुतः गरज नसावी. पण वसतिगृहांतील खोल्या पाहिल्या की ती आहे असे दिसते.

बॅटरीबद्दल फार लिहीत नाही. लिथियम-आयन बॅटरी तीन-पाचशे वेळा भरून रिकामी झाली की तिचे बळ ओसरते, उष्णतेने ते अधिक लवकर ओसरते, आणि ती बदलता येते. ती फुगून टचपॅड वर उचलला गेल्यास मात्र त्याच क्षणी वापर थांबवावा, आणि नवी घेताना स्वस्त नकलीच्या मोहात पडू नये. येथे वाचविलेला पैसा खरोखर महाग पडतो.

आता दुसरी बाजू. जुन्या यंत्राची वकिली करणाऱ्याने त्याच्या मर्यादा लपवून ठेवल्या तर ती वकिली राहत नाही, मखलाशी होते. या लॅपटॉपांतील प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन्ही मुख्य पटलावर झाळलेले असतात. टेबलावरच्या संगणकातील कार्ड काढून दुसरे बसवावे तसे येथे करता येत नाही. करता यावे अशी खटपट झाली नाही असे नाही. डेलने २०१९ मध्ये एलियनवेअर एरिया-५१एम हा लॅपटॉप आणला तेव्हा त्यातले प्रोसेसर व ग्राफिक कार्ड पुढे बदलता येतील अशी त्याची ख्याती केली गेली. पुढच्या पिढीची कार्डे त्यात बसेनात तेव्हा २०२१ मध्ये ग्राहकांनी अमेरिकेत न्यायालयाची पायरी चढून दावा लावला. अलीकडे फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकी कंपनीने आपल्या सोळा इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्डाचा भाग सुटा ठेवला आणि २०२५ मध्ये त्यासाठी नव्या पिढीचे कार्डही दिले, म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही हे सिद्ध झाले; पण हिंगणा टी पॉइंटवर चहा पिणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर ते यंत्र नाही. त्याच्या यंत्रात ग्राफिक कार्ड जे आहे तेच राहणार, आणि २०२४ च्या अखेरीस आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ हे खेळ ज्या प्रकारचे प्रकाशकिरणांचे गणित कार्डातच असावे असा आग्रह धरतात, ते या जुन्या जीटीएक्स कार्डांत नाही. रॅम दुप्पट केली, तिप्पट केली, तरी ते खेळ तेथे चालणार नाहीत. ज्याला तेच खेळायचे आहेत त्याने एसएसडीवर पैसे घालू नयेत. त्याने पैसे साठवावेत, आणि जमल्यास स्वतः कमवून साठवावेत.

तशीच मर्यादा विंडोजची. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली; घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१८ चा आठव्या पिढीचा लॅपटॉप या दरवाज्यातून आत येतो आणि २०१७ चा सातव्या पिढीचा, कामात त्याहून फारसा उणा नसतानाही, उंबरठ्याबाहेर राहतो. कंपनीच्या या फर्मानाने जगभर किती सुस्थितीतील यंत्रे एका तारखेस बाद ठरविली याचा हिशेब कोणी तरी त्या कंपनीपुढे ठेवायला हवा. सातव्या पिढीवाल्याने लिनक्सचा मार्ग धरावा. आज्ञावली शिकण्यास तो विंडोजपेक्षा उजवाच आहे. सॉलिडवर्क्स मात्र त्यावर चालत नाही, हे आधीच समजून असावे. ग्राफिक कार्डांतही असाच भेद आहे. १०५० टीआय ज्या पिढीचे आहे तिला नव्या खेळांसाठीच्या चालकप्रणाली देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविले, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्याचे जाहीर केले. १६५० ही त्यापुढील पिढी अद्याप तिच्या आश्रयात आहे. दोन लॅपटॉप बाहेरून एकसारखे दिसले तरी त्यांच्यावर खर्च करावा की नाही याचे उत्तर या एका आकड्याने फिरू शकते.

म्हणून माझी शिफारस सरसकट नाही. आठव्या पिढीचा किंवा रायझन ३००० मालिकेतला प्रोसेसर, १६५० किंवा त्याहून वरचे कार्ड, बिजागऱ्या आणि पडदा शाबूत. एवढे असेल तर एसएसडी, रॅम, पेस्ट आणि गरज असल्यास बॅटरी यांवर नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका खर्च करावा आणि पदवी पूर्ण होईपर्यंत नव्याचे नाव काढू नये. व्हॅलोरंटसारखा २०२० चा खेळ त्यावर आरामात चालेल, आराखडे चालतील, प्रकल्प चालेल. यंत्रबुद्धीच्या अभ्यासासाठी फार मोठे गणित करायचे झाल्यास ते अंतरजालावरील भाड्याच्या किंवा फुकट मिळणाऱ्या संगणकांवर करता येते. त्यासाठी घरात लाखाचा ऐवज आणून ठेवण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र या हिशेबात नव्याने शिरली आहे, आणि ती जुन्याच्या बाजूची नाही. २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतिपट्ट्यांचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणककेंद्रांनी चिप उत्पादकांचा माल आगाऊ उचलला, जुन्या डीडीआर-फोरचे उत्पादन आटोपते घेतले जाऊ लागले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना होणारी आपली विक्रीच बंद करण्याचे जाहीर केले. सामान्य विद्यार्थ्याच्या आठ जीबीच्या पट्टीची किंमत अशा रीतीने दूरदेशीच्या एखाद्या संगणककेंद्राच्या भुकेवर ठरू लागली आहे. कोणी म्हणेल, मग तुमचा सल्ला कोसळला. तसे नाही, कारण हीच चढलेली रॅम आणि एसएसडी नव्या लॅपटॉपच्या पोटातही असते आणि तिची किंमत तेथेही भरावी लागते. फक्त क्रम बदलावा. आधी पेस्ट व सफाई, मग एसएसडी, आणि रॅम शेवटी. तीही शक्यतो ज्या मित्राचा लॅपटॉप पटल जळून निकामी झाला असेल त्याच्याकडून जुनी घ्यावी, कारण रॅमपट्टीत फिरणारे, झिजणारे असे काही नसते.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. त्या ट्रॅक्टरचे इंजिन दहा-बारा वर्षांनी धूर ओकू लागले तर विदर्भातला शेतकरी ट्रॅक्टर भंगारात काढत नाही. पिस्टन, रिंगा, लायनर बदलून इंजिन बांधून घेतो आणि पुढली दहा वर्षे नांगरणी करतो. विहिरीवरची मोटार जळाली तर ती रिवाइंडिंगला जाते. ज्याच्या घरी ही रीत आहे त्याच घरचा मुलगा अभियंता होण्यासाठी येथे येतो आणि आपल्या हातातले यंत्र एकदाही उघडून न पाहता बदलून मागतो, याचा दोष मी त्या मुलाला देत नाही. आपण त्याला संगणकाची रचना आकृत्यांतून शिकवितो आणि लॅपटॉपच्या तळाचे पेच ‘वॉरंटी जाईल’ या धाकाखाली बंद ठेवतो. वॉरंटीची मुदत सरून चार वर्षे झाली तरी धाक कायम असतो. या परिसरातील महाविद्यालयांनी दर उन्हाळ्यापूर्वी एक आठवडा आपली कार्यशाळा त्यासाठी मोकळी करावी, वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गातील मुलांचे लॅपटॉप साफ करून द्यावेत, आणि त्याला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. प्रवेशाच्या वेळी कोणत्या शाखेस कोणत्या क्षमतेचे यंत्र पुरे, हेही एका पानावर छापून पालकांच्या हाती दिले, तर पुष्कळ घरांतले वाद जागीच मिटतील.

सरकारकडेही या बाबतीत मागण्यासारखे आहे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न संस्थांच्या अहवालात आहे. उरलेला कोठे जातो, हे तारा जाळून तांबे काढणाऱ्या कोणत्याही भंगारवाल्याच्या आवारात दिसते. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे, पण ती वस्तू मेल्यानंतरची जबाबदारी आहे. वस्तू जगविण्याच्या बाजूने केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले, आणि पुढे वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्यासाठी नेमलेल्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात आपला अहवालही सादर केला. त्यात अग्रक्रम मिळाला तो मोबाइल आणि टॅब्लेट यांना. लॅपटॉपची पाळी येईल तेव्हा येवो. तोवर निदान खोक्यावर तीन ओळी ठळक छापण्याची सक्ती करण्यास कोणत्याही समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. रॅम सुटी आहे की झाळलेली, एसएसडीसाठी खाचा किती, आणि बॅटरी व पंखा हे भाग कंपनी किती वर्षे पुरविणार. किंमत जशी खोक्यावर छापावी लागते, तशाच या ओळी छापल्या गेल्या, तर दुकानात उभ्या असलेल्या बापाला निदान आपण चार वर्षांची वस्तू घेतो आहोत की आठ वर्षांची, हे पैसे मोजण्यापूर्वी कळेल.